प्रश्नाचा शुक्रवार

फेब्रुवारीत झटका आला आणि टॉर्किलच्या तोंडात दोनच शब्द उरले: सैतानाच्या घशात.

नवऱ्याच्या सत्तावन्न वर्षांच्या आयुष्यात त्यानं ते एकदाही उच्चारल्याचं डोलिनाच्या ऐकण्यात नव्हतं. गायीनं लाथ मारून दुधाची बादली उलटवली तरी तो "अरेरे" म्हणायचा. मागावर वीस वार ट्वीड विणून झाल्यावर मधेच ताण्याचा एक धागा चुकलेला दिसला, तरी "अरेरे"च. आता चहा हवा का विचारलं की तो डोळ्यांनी हो म्हणायचा आणि तोंडानं, "सैतानाच्या घशात." मेंढ्या खाली आणू का, तर तेच. कधी तिच्या दंडावर हात ठेवून काही मायेचं सांगायला जायचा आणि तेच बाहेर पडायचं, मग स्वतःच दचकून हात काढून घ्यायचा. एकदा तिनं मोजलं होतं. सकाळच्या लापशीपासून दुपारच्या बटाट्यांपर्यंत एकेचाळीस वेळा.

शहरातल्या इस्पितळात तरुण डॉक्टरनं तिला कागदावर मेंदू काढून दाखवला होता. डाव्या बाजूची रक्तवाहिनी तुंबली, माणसाचं बोलणं बहुतेक तिथंच राहतं. गाणं, पाठांतर, शिव्याशाप यांचं बरंचसं काम दुसरीकडून चालतं, म्हणून ते कधीकधी वाचतं. कोणती शिवी वाचेल ते मात्र आधी सांगता येत नाही, असं म्हणताना त्याला हसू आवरेना. डोलिनाला त्याचा राग आला नाही. त्याच्या सांगण्यात निदान कुणाची इच्छा नव्हती. एक नळी तुंबली, एवढंच.

गावात मात्र सगळ्यांना सगळीकडे देवाची इच्छाच दिसत होती.

कारण टॉर्किलचं गाणं वाचलं होतं. त्यांच्या चर्चमध्ये वाद्य नव्हतं, कधी येणारही नव्हतं. प्रवचनपीठाच्या खाली एक लाकडी चौकट होती, तिच्यात एक माणूस बसायचा, आणि स्तोत्राची ओळ तो एकटा आधी म्हणून द्यायचा. मग तीनशे माणसं ती ओळ उचलायची, जो तो आपापल्या वळणानं, आणि छप्पर भरून जायचं. ते ओसरायच्या आत त्यानं पुढची ओळ द्यायची. टॉर्किल सव्वीस वर्षं ओळ देत होता. झटक्यानंतर एप्रिलमधल्या पहिल्या रविवारी तो उजवा पाय ओढत त्या चौकटीत जाऊन बसला, आणि पाळकसाहेबांनी स्तोत्र सांगताच त्यानं ओळ दिली. शब्दन् शब्द. एक अक्षर इकडचं तिकडे नाही. बायका रडल्या. पुरुषांनी नाकं शिंकरली.

"बघ," टॉर्किलची थोरली बहीण मर्डिना चर्चच्या दारातच डोलिनाला म्हणाली, "देवानं त्याचं सगळं काढून घेतलं, पण स्वतःची स्तुती तेवढी जिभेवर ठेवली. ही केवढी कृपा!"

'स्वतःपुरतं बरं ठेवलं,' डोलिनाच्या मनात आलं. आपण असला विचार केला याची तिला भीती वाटली, आणि भीती ओसरल्यावरही विचार तिथंच होता.

त्या दोन शब्दांचं गावात कुणालाच माहीत नव्हतं. मर्डिनालाही नाही. चर्चच्या माणसाच्या तोंडी सैतानाचं नाव आलं तर मंडळीचे, म्हणजे चर्चच्या सभासदांचे, पंच घरी येऊन बसत, मग तो माणूस आजारी असो की धडधाकट. त्यांनी ती चौकट काढून घेतली तर टॉर्किलपाशी काय उरणार होतं? माग बंद होता. तो दोन्ही पायांनी चालवायचा असतो. गाय ती पाहत होती, मेंढ्या शेजारचा अँगस पाहत होता. आठवड्यातून तीन वेळा त्या चौकटीत बसायला मिळायचं, म्हणून तो माणूस सकाळी उठत होता. म्हणून डोलिनानं पहारा धरला. कुणी घरी आलं की टॉर्किलच्या तोंडात पेपरमिंटची गोळी. त्याचे ओठ हललेच तर ती आधी बोलायची, मोठ्यानं, काहीही. रस्त्यात कुणी त्याला हाक मारली तर उत्तर तिचं.

"अगं, त्याला जरा तोंड उघडू देशील की नाही?" अँगसची बायको हसून म्हणायची. "बिचाऱ्याचा एखादा शब्द फुटायचा असेल, तर तो तू मधेच गिळतेस."

मर्डिनाला तर हसूही येत नसे. "लग्न झाल्या दिवसापासून तू त्याला बोलू दिलं नाहीस. आता काय, तुझं फावलंच."

डोलिना कामाला लागायची. स्वभावानं ती कमी बोलणारी. लग्नाआधी सहा वर्षं शाळेत मुलांना गणित शिकवायची तेव्हासुद्धा फळ्याकडेच तोंड जास्त. आणि आता सगळ्या गावात ती बडबडी म्हणून प्रसिद्ध झाली होती.

ऑक्टोबरात प्रभुभोजनाचे, ख्रिस्ताच्या शेवटच्या भोजनाची आठवण करायचे, पाच दिवस आले. गुरुवार ते सोमवार. चार गावांची माणसं यायची आणि ज्याच्या त्याच्या घरी उतरायची. डोलिनाकडे दरवर्षी आठ असत, या वर्षी तिनं चौघांवर भागवलं. नेस गावाहून आलेलं एक म्हातारं जोडपं आणि दोन विधवा बहिणी. चौघांचेही कान तिखट. गुरुवारभर टॉर्किलच्या तोंडात गोळ्या होत्या. खारवलेला हेरिंग मासा आणि बटाटे ताटात पडले तेव्हाच काय ती गोळी सुटली, आणि तोंडात घास असताना माणूस बोलत नाही, ही त्या घरची शिस्त उपयोगी पडली.

"तुमच्या घरी गोड खायची फार आवड दिसते," विधवांपैकी धाकटी म्हणाली.

"त्याला डॉक्टरनं सांगितलंय," डोलिना म्हणाली. हे खोटं होतं. फेब्रुवारीपासून ती किती खोटं बोलली होती याचा हिशेब तिनं ठेवला नव्हता.

शुक्रवार हा प्रश्नाचा दिवस. त्या दिवशी प्रवचन नसतं. एखादा जुना माणूस उठून शास्त्रातला, म्हणजे बायबलमधला, उतारा सांगतो आणि त्यावर प्रश्न घालतो: खऱ्या भक्ताची खूण काय? मग पाळकसाहेब यादीतून एकेका पुरुषाचं नाव घेतात. ज्याचं नाव आलं त्यानं जागेवर उभं राहायचं आणि स्वतःच्या आयुष्यातून जे कळलं असेल ते बोलायचं. धीर नसेल तर "आज मला माफ करा" म्हणून खाली बसायचं, त्यात कमीपणा नाही. बायकांनी ऐकायचं.

टॉर्किलचं नाव दरवर्षी यादीत असे. तो थोडंच बोलायचा. लोक ते वर्षभर एकमेकांना सांगायचे.

म्हणून बुधवारीच डोलिना फिन्लेकडे जाऊन आली होती. फिन्ले हा मंडळीचा पंच, यादी त्याच्या हातची. "टॉर्किलचं नाव काढलंस ना?" तिनं विचारलं.

फिन्ले अवघडला. "काढायचं कसं, डोलिना? यादीतून नाव दोनच कारणांनी जातं. माणूस मेला तर, नाहीतर मंडळीनं शिस्त लावून त्याला दूर ठेवलं तर. उद्या कुणी यादी बघितली तर काय म्हणेल? मी नाव ठेवलंय, मानानं. या वेळी स्काय बेटावरचे पाहुणे पाळकसाहेब यादी वाचणार आहेत, त्यांच्या कानात सांगून ठेवतो, हे नाव सोडा म्हणून."

"नक्की सांगशील?"

"अगं, वीस वर्षं यादी करतोय मी."

स्कायचे पाळकसाहेब ऐंशीच्या घरातले होते. फिन्लेनं त्यांच्या कानात सांगितलं ते खरंच सांगितलं. पण ज्या कानात सांगितलं, तो कान गेली दहा वर्षं बंद होता. हे फिन्लेला कोण सांगणार? पाळकसाहेबांनी मान डोलावली, फिन्ले निश्चिंत झाला.

शुक्रवारी नाव निघायचे पुरुष पुढच्या दोन बाकांवर बसत. टॉर्किल तिथं, डोलिना मागे सहाव्या ओळीत, मर्डिना आणि दोन विधवांच्या मधे. नेसच्या म्हाताऱ्यानं उठून प्रश्न घातला. संकटात देवाची स्तुती करणारे दोन प्रकारचे असतात, तो म्हणाला, एक मनापासून करणारा आणि एक नुसत्या ओठांनी. दोघांचं गाणं सारखंच ऐकू येतं. मग खऱ्याची खूण कोणती?

असा प्रश्न का सुचला हे सगळ्यांना कळलं. तो पाहुणा कुणाच्या घरी उतरला होता, तेही. पहिलं नाव निघालं तो दुकानदार होता. तो म्हणाला, खूण आपल्या डोळ्यांसमोरच बसलेली आहे. एक माणूस आहे, त्याचा धंदा गेला, वाचा गेली, पण तक्रारीचा एक शब्द त्याच्या तोंडून कुणी ऐकला नाही. दुसरा म्हणाला, आपण सगळे बोलतो आणि कुरकुरतो. देवानं एकाची कुरकुर काढून टाकली आणि फक्त आभार ठेवले, अशी जीभ आपल्याला मिळाली तर! तिसऱ्यानं तर नावच घेतलं. त्याच्या घरात शांती आहे, तो म्हणाला, मी गेलो होतो, मी पाहिली.

विधवा बहिणींपैकी थोरलीनं डोलिनाचा हात दाबला. डोलिनानं हात काढून घेतला.

शांती! तो माणूस जून महिन्यात आला होता. त्या दिवशी टॉर्किलनं तीन गोळ्या संपवल्या होत्या, आणि तो गेल्यावर भिंतीवर मूठ आपटून आपटून सालपटं काढली होती. ती मूठ तिनं धुतली होती. तक्रारीचा शब्द नाही? त्याच्यापाशी दुसरा शब्दच नव्हता. हे लोक कुणाविषयी बोलत होते? ज्या माणसाबरोबर ती राहत होती, त्याच्याविषयी नाही. त्यांनी चौकटीत बसवायला एक संत तयार केला होता, आणि तिचा नवरा त्याच्याखाली कुठं तरी गाडला गेला होता. उठून सांगावं तर ती बाई. सांगितलं तर चौकट जाणार. नाही सांगितलं तर हे असंच चालणार, वर्षानुवर्षं, पेपरमिंटच्या वासात.

"टॉर्किल मॅकऑले," पाळकसाहेबांनी वाचलं.

फिन्ले अर्धवट उठला. पण पाळकसाहेबांची नजर कागदावरून थेट पुढच्या बाकावर गेली होती, कारण टॉर्किल उभा राहत होता. बसून राहता आलं असतं. मान हलवता आली असती. तो बाकाची कड धरून उठला आणि मंडळीकडे वळला, आणि डोलिनाला त्याचा चेहरा दिसला. त्याला बोलायचं होतं. तिघांचं ऐकून झालं होतं, आणि त्याला त्यावर काही म्हणायचं होतं.

'नको, देवा,' ती मनात म्हणाली. 'आता तरी कर काहीतरी. आठ महिने काही मागितलं नाही. एवढं एक कर.'

"सैतानाच्या घशात," टॉर्किल म्हणाला.

टॉर्किलनं डोळे मिटले, मान झटकली, जणू चुकलेला धागा उसवून पुन्हा ओवायचा होता, आणि पुन्हा प्रयत्न केला. "सैता… सैतानाच्या घशात."

पाळकसाहेबांनी कानामागे हात धरला आणि ते मोठ्या मायेनं वाकून म्हणाले, "जरा मोठ्यानं, भाऊ. मागच्यांनाही लाभ होऊ दे."

आणि टॉर्किल मोठ्यानं म्हणाला. स्तोत्राची ओळ द्यायचा त्याच आवाजात, जो शेवटच्या बाकापर्यंत पोचायचा.

"प्रभू रे," मर्डिना पुटपुटली. कुणीतरी लहान पोर हसलं आणि त्याला चापट बसली. टॉर्किल उभाच होता. त्याच्या गालावरून पाणी वाहत होतं, आणि तोंड अजून शब्द शोधत उघडत होतं.

डोलिना कधी उभी राहिली, ते तिचं तिलाच कळलं नाही.

"खाली बस," मर्डिनानं तिचा कोट ओढला. "अगं, लाज सोडलीस की काय?"

"त्याला एवढंच बोलता येतं," डोलिना म्हणाली. आवाज शाळेतला होता, शेवटच्या बाकाला ऐकू जाणारा. "फेब्रुवारीपासून. चहा मागायला तेच, देवाचं नाव घ्यायला तेच. मी लपवलं. त्याच्या तोंडात गोळ्या कोंबल्या आणि तुमच्याशी खोटं बोलले. आमच्या घरात शांती नाही. तो भिंतीवर हात आपटतो. मी गोठ्यात जाऊन ओरडते, गायीला सवय झालीय." ती थांबली. एवढं बोलल्यावर दम लागला. "आणि रोज संध्याकाळी तो शास्त्र काढून माझ्यापुढं टेबलावर ठेवतो, वाचायला. एका हातानं. मला नको असतं. मला त्याच्याकडे बघायचंही नसतं. तो ठेवतो. तुम्ही खूण विचारलीत. मला हीच ठाऊक आहे. त्यात कृपा कुठं आहे ते मला दिसत नाही."

ती बसली. टॉर्किलही बसला.

पाळकसाहेबांना किती ऐकू आलं होतं, देव जाणे. त्यांनी कागदावरून बोट खाली सरकवलं. मग त्यांनी पुढचं नाव घेतलं. "अँगस मॉरिसन."

अँगस उठला. "आज मला माफ करा," म्हणाला आणि बसला.

पुढचं नाव. "मला माफ करा." त्याच्या पुढचं. "आज नको, माफ करा." एकामागून एक नऊ माणसं उभी राहिली आणि नऊही तेवढंच म्हणून बसली. त्यांत दरवर्षी पाऊण तास बोलणारा मुख्याध्यापकही होता. यादी संपली. एरवी चार वाजेपर्यंत चालणारी सभा सव्वा वाजता सुटली.

डोलिनाला वाटलं, झालं. सगळं उघडं पडलं आणि आभाळ कोसळलं नाही. घरी परतताना कुणी तोंड फिरवलं नाही. जेवताना टॉर्किलनं मिठाकडे बोट दाखवलं आणि त्याचे ते दोन शब्द म्हणाला. नेसच्या म्हाताऱ्यानं मीठ पुढं केलं.

"माझा आजोबा यापेक्षा वाईट बोलायचा," म्हातारा म्हणाला. "आणि त्याला झटकाबिटका काही आला नव्हता."

त्याच्या बायकोनं त्याला कोपर मारलं. टॉर्किल हसला. एका बाजूनंच, पण हसला. कित्येक महिन्यांत डोलिना पहिल्यांदा घास चावून जेवली.

शनिवारी दुपारी फिन्ले आला. रविवारी कामाला हात लावायचा नसतो, म्हणून पाणी भरून ठेवलं होतं, बटाटे सोलून झाले होते, डोलिना जमीन पुसत होती. फिन्लेनं टोपी काढली आणि ती हातात फिरवत राहिला. तेव्हाच तिनं फडकं बादलीत टाकलं.

"बोल."

"पंचांची बैठक झाली," फिन्ले म्हणाला. "कुणी त्याला दोष देत नाही. असं समजू नकोस. सगळ्यांना वाईट वाटलं. दोघं तर रडले."

"मग?"

"पण सोमवार आभाराचा दिवस. चार गावांची माणसं असणार. मधेच जर… म्हणजे ओळ देता देता जर ते निघालं तर? देवाच्या घरात शोभेल का? तर असं ठरलं की उद्या आणि सोमवारी ओळ मी द्यायची. पुढचं पुढं बघू."

"गाताना ते कधी निघालं नाही. एकदाही नाही. डॉक्टरनंही सांगितलंय, ते डोक्याच्या वेगळ्या बाजूला असतं."

"ते मी म्हटलं त्यांना."

"काय म्हणाले?"

"म्हणाले, डॉक्टर काही मंडळीचा सभासद नाही."

डोलिना कडवट हसली. "फिन्ले, शुक्रवारी नऊ जण उठले आणि एकालाही बोलता आलं नाही. ते कशामुळे? आणि एका रात्रीत सगळ्यांना वाचा फुटली होय?"

"मला नको बोलूस. माझा आवाज तुला माहीत आहे. मला हे हवंय असं वाटतं का तुला?"

"यादीत नाव ठेवलंस, मानानं," ती म्हणाली. "मेला नाही आणि शिस्तही लावली नाही, म्हणून. आता काय केलंत?"

टॉर्किल शेकोटीजवळच्या खुर्चीत बसून सगळं ऐकत होता. फिन्ले त्याच्यासमोर जाऊन उभा राहिला आणि त्यानं नुसताच हात पुढे केला. टॉर्किलनं तो डाव्या हातानं धरला. "सैतानाच्या घशात," तो हळूच म्हणाला. ते क्षमेनं होतं, रागानं होतं, की ये आता, असं होतं, कळायला मार्ग नव्हता. नेमकं हेच डोलिनाला सहन होत नसे. एवढी वर्षं या माणसाला ती अर्ध्या वाक्यावरून ओळखत आली होती, आणि आता तिला त्याचं काहीच वाचता येत नव्हतं.

रविवारी ती पाहुण्यांसाठी गेली; टॉर्किल प्रभुभोजन घेणाऱ्यांत पुढे बसला. दिवस कसा गेला ते तिला आठवलं नाही. सोमवारी सकाळी मात्र तिनं कोट घातला नाही. पाहुणे पुढे निघाले. ती चुलीची राख काढत बसली.

टॉर्किल आतून काळ्या कपड्यांत आला. गळपट्टी सुटी होती. ती आणि तिची गुंडी त्यानं तिच्यासमोर धरली. एरवी ती लावून द्यायची.

"तुझी तू लाव," डोलिना म्हणाली.

तो खिडकीपाशी गेला. तिथं लहानसा आरसा होता. डाव्या हातानं तो गुंडी भोकात बसवू लागला. ती निसटून पडली. तो वाकला, खुर्चीला धरून उठला, पुन्हा लावू लागला. पुन्हा पडली. डोलिना राख भरत होती आणि पाहत होती.

"तुझी जागा काढून घेतली त्यांनी," ती शेवटी म्हणाली. "सव्वीस वर्षांची. आणि तू तिथं आभार मानायला चाललास. कशाचे? एक तरी सांग. एक. मग मी येते."

टॉर्किल वळला. त्यानं खरंच विचार केला, तिला ते दिसलं. तोंड उघडलं, आणि तेच आलं. त्यानं कंटाळून हात झटकला. मग हात वर केला आणि भिंतीवरच्या घड्याळाकडे बोट दाखवलं. साडेअकरा झाले होते. बारा वाजता सभा.

"हे उत्तर झालं?" ती म्हणाली.

त्यानं पुन्हा घड्याळ दाखवलं. मग टोपी घेतली, गळपट्टी एका बाजूनं लोंबत असताना दार उघडलं आणि बाहेर पडला. रस्ता चढाचा होता, मधे ओढ्यावरची फळी होती. ती त्याला एकट्याला जमत नसे. डोलिना दारात जाऊन पाहत राहिली. तो कुंपणापर्यंत पोचला तेव्हा तिनं हात धुतले, कोट ओढला आणि त्याच्या मागं धावली. ती चिडली होती. फळीवर तिनं त्याचा दंड असा धरला की तो कळवळला. गळपट्टी तिनं चर्चच्या दारात लावून दिली, लोकांच्या समोर, आणि लावताना ती गळ्यात जरा जास्तच आवळली.

आत गेल्यावर त्याचे पाय सवयीनं सरळ पुढे गेले. चौकटीपर्यंत. तिथं फिन्ले बसला होता, हातात उघडं पुस्तक घेऊन, पांढरा फटक पडलेला. टॉर्किलला पाहून तो उठायला लागला. सगळी मंडळी पाहत होती. टॉर्किलनं डावा हात फिन्लेच्या खांद्यावर ठेवला आणि त्याला खाली बसवलं. मग तो पाय ओढत परत मागे आला आणि सहाव्या ओळीत थांबला. सव्वीस वर्षांत तो या बाकावर कधी बसला नव्हता. डोलिनाला पिशवी उचलून सरकावं लागलं. मर्डिना तिच्या पलीकडे होती. तिनंही सरकून घेतलं.

पाळकसाहेबांनी आभाराचं स्तोत्र सांगितलं. फिन्ले खाकरला आणि त्यानं ओळ दिली. फार उंच. पहिल्याच शब्दाला सगळ्यांना कळलं की हे शेवटपर्यंत झेपणार नाही. पण दिलेली ओळ उचलायची असते. मंडळीनं ती उचलली, वर वर चढत, बायका किंचाळल्यासारख्या, पुरुष मधेच तुटत. टॉर्किल तिच्या शेजारी गात होता. त्याच्या मागून कुणी गात नव्हतं, ओळ त्याची नव्हती. दिलेली ओळ तो तीनशेतला एक म्हणून उचलत होता, शब्द स्पष्ट, डोळे मिटलेले, आणि मानेवरची शीर गळपट्टीच्या वर ताठ.

डोलिनाला रडू आलं नाही. तिच्या मनात काही मऊ झालं नाही. तिला सगळ्यांचा राग येत होता. चौकटीतल्या फिन्लेचा, त्या दोघा रडलेल्या पंचांचा, शेजारी गाणाऱ्या या माणसाचा, कारण त्याला इतक्या सहज जमत होतं. सहज? वीस मिनिटं तो आरशासमोर उभा होता.

ओळ संपली. पुढची यायच्या आधी, श्वासापुरती, थोडी जागा असते. तेवढ्यात ती बोलली. ओठ न हलवता, पण थेट, ज्याच्याशी बोलायचं त्या देवाशीच. शुक्रवारचं ते मागणं सोडलं, तर फेब्रुवारीपासून प्रार्थनेत तिनं पाठ केलेलंच म्हटलं होतं.

'हे तू चांगलं केलं नाहीस,' ती म्हणाली. 'फेब्रुवारीत नाही, शुक्रवारी नाही, शनिवारीही नाही. माझं बोलणं संपलेलं नाही. रोज येऊन सांगणार आहे.'

फिन्लेनं पुढची ओळ दिली, पुन्हा तेवढीच उंच. तिनं मान वर केली आणि ती उचलली.